स्विचच्या जागी सॉकेट : तिन्ही तारा आहेत का, हे आधी पाहावे

अनेक घरांमध्ये गीझर, वातानुकूलन यंत्र यांसारख्या जास्त वीज घेणाऱ्या उपकरणांसाठी भिंतीवर स्वतंत्र स्विच बसविलेला असतो आणि उपकरणाची तार प्लगशिवाय थेट वायरिंगला जोडलेली असते. जुने उपकरण निकामी होऊन नवे आणले की, ते बहुधा तीन पिनांच्या मोठ्या प्लगसह येते. अशा वेळी भिंतीवरील स्विच काढून त्याच जागी सॉकेट बसविण्याचा विचार सहजच पुढे येतो. वरकरणी हे काम अर्ध्या तासाचे वाटते. मात्र स्विच आणि सॉकेट यांची रचना मुळातच भिन्न असल्याने या कामातील एक चूक जीवावर बेतू शकते.

मूळ फरक

साधा स्विच केवळ फेजची तार तोडतो आणि जोडतो. त्यामुळे त्याच्या पेटीत दोनच तारा येतात. एक पुरवठ्याकडून येणारी फेज आणि दुसरी उपकरणाकडे जाणारी फेज. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तारा या पेटीत न येता थेट उपकरणापर्यंत गेलेल्या असू शकतात. सॉकेटला मात्र फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तिन्ही तारा लागतात. पेटीत दोन तारा दिसल्या म्हणजे एक फेज व दुसरी न्यूट्रल असणार, असे समजणे चुकीचे ठरते. तशी जोडणी केल्यास उपकरण चालतच नाही.

जास्त भाराच्या उपकरणांसाठी काही ठिकाणी डबल पोल, म्हणजे द्विध्रुवी स्विच वापरलेला असतो. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. साहजिकच त्याच्या पेटीत न्यूट्रल उपलब्ध असते. स्विचवर लाल निर्देशक दिवा असेल तर त्यासाठीही न्यूट्रल आणलेली असते. मात्र केवळ दिव्यापुरती आणलेली ही तार बारीक असू शकते. तिच्यावर गीझरचा भार टाकणे धोक्याचे आहे.

सर्वांत घातक चूक

पेटीत न्यूट्रल न सापडल्यास काही वेळा अर्थिंगच्या तारेचाच न्यूट्रल म्हणून उपयोग केला जातो. याउलट, अर्थिंग नसल्यास सॉकेटमधील न्यूट्रल आणि अर्थिंगचे टोक छोट्या तारेने एकमेकांस जोडले जाते. दोन्ही प्रकारांत उपकरण व्यवस्थित चालते आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. पुढे कधी न्यूट्रलचा सांधा सैल झाला किंवा तुटला, तर २३० व्होल्टचा दाब उपकरणाच्या धातूच्या आवरणावर येतो. गीझरच्या बाबतीत तो नळ आणि पाण्यापर्यंत पोहोचू शकतो. ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्या व्यक्तीस बसणारा धक्का प्राणघातक ठरू शकतो.

अर्थिंगचे काम दोषाच्या प्रसंगी विजेला सुरक्षित मार्ग देणे एवढेच आहे. नेहमीचा प्रवाह वाहून नेण्यासाठी ती तार नसते. वितरण पेटीत ३० मिलीअँपियर क्षमतेचे आरसीसीबी बसविलेले असल्यास अर्थिंगचा न्यूट्रल म्हणून केलेला वापर लगेच उघड होतो, कारण उपकरण सुरू करताच पुरवठा खंडित होतो. असे झाल्यावर आरसीसीबी सदोष समजून काढून टाकण्याचा मोह टाळला पाहिजे.

भार आणि तारेची जाडी

घरगुती सॉकेट प्रामुख्याने ६ अँपियर आणि १६ अँपियर अशा दोन क्षमतांची असतात. पूर्वी त्यांना ५ व १५ अँपियरची म्हणत आणि बोलीत ती नावे अजूनही रूढ आहेत. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपियर, तर ३००० वॅटचा गीझर सुमारे १३ अँपियर प्रवाह घेतो. म्हणून अशा उपकरणांना १६ अँपियरचेच सॉकेट लागते. त्यासाठी साधारणतः २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली जाते. मोठ्या उपकरणासाठी किंवा अंतर अधिक असल्यास ४ चौरस मिलिमीटरची तार घेतात.

दिवे किंवा पंख्याच्या स्विचच्या जागी असे सॉकेट बसविणे त्यामुळेच अयोग्य ठरते. त्या तारा सहसा १ ते १.५ चौरस मिलिमीटरच्या असतात. मोठा भार टाकल्यास त्या भिंतीच्या आत तापतात आणि आवरण वितळून आग लागू शकते. एमसीबीची क्षमता तारेच्या जाडीवरून ठरते. एमसीबी वारंवार पडतो म्हणून तार तीच ठेवून मोठा एमसीबी लावणे म्हणजे संरक्षणच काढून टाकण्यासारखे आहे.

सुरक्षित पर्याय

अनेकदा या प्रश्नाचे उत्तर तारेच्या दुसऱ्या टोकाला असते. उपकरण जेथे थेट जोडलेले असते, तेथे फेज आणि न्यूट्रल येतातच आणि वायरिंग योग्य असल्यास अर्थिंगही येते. स्विच आहे तेथेच ठेवून उपकरणाजवळच्या जोडणीच्या जागी १६ अँपियरचे सॉकेट बसविल्यास तोच स्विच त्या सॉकेटचे नियंत्रण करतो. नवी न्यूट्रल ओढावी लागत नाही. स्नानगृहात मात्र हे सॉकेट पाण्याच्या फवाऱ्यापासून दूर आणि उंचावर असणे आवश्यक आहे. तशी जागा नसल्यास ते स्नानगृहाबाहेर घ्यावे.

स्विचच्या जागीच सॉकेट हवे असेल आणि तेथे योग्य जाडीच्या तिन्ही तारा असतील, तर स्विच आणि सॉकेट एकत्र असलेली प्लेट बसवावी. स्विचविना सॉकेट ठेवल्यास चालू भारावर प्लग ओढला जातो, ठिणगी उडते आणि पिना जळतात. एकत्र प्लेटला मोठी पेटी लागते. त्यामुळे भिंत थोडी फोडावी लागण्याची शक्यता गृहीत धरावी. तिन्ही तारा नसतील, तर वितरण पेटीपासून नवी वायरिंग ओढणे हाच योग्य मार्ग होय.

काम करताना घ्यावयाची काळजी

पेटी उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. घरात इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करणे अत्यावश्यक आहे, कारण मुख्य पुरवठा बंद असतानाही त्याच्याकडून काही तारांत वीज येत राहते. टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी तपासून मगच पेटीतील तारांना लावावा.

जुन्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असते. उपकरणाच्या दोरीत मात्र तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. निळ्या रंगाचा अर्थ दोन्हीकडे वेगळा असल्याने केवळ रंगावर विसंबून राहू नये. सॉकेटकडे समोरून पाहिल्यास वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे असते.

काम पूर्ण झाल्यावर मल्टिमीटरने मोजणी करावी. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थिंग यांमध्ये सुमारे २३० व्होल्ट, तर न्यूट्रल-अर्थिंगमध्ये शून्याच्या जवळपास आकडा दिसला पाहिजे. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबून तो पडतो, याचीही खात्री करावी. उपकरण अर्धा तास चालवून, स्विच बंद करून प्लग काढावा. प्लग किंवा सॉकेट गरम लागल्यास जोडणी सैल आहे किंवा सॉकेट निकृष्ट आहे, असे समजावे.

कायदा काय सांगतो

भारतीय वीज नियम, १९५६ मधील ४५ व्या नियमानुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू क्षमता किंवा स्वरूप न बदलता बदलण्यास मुभा होती. त्यापलीकडील भर, फेरबदल किंवा दुरुस्तीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घेणे बंधनकारक होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० आणि त्यानंतर २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांतही हेच तत्त्व कायम आहे. स्विचच्या जागी तसाच स्विच बसविणे आणि स्विचच्या जागी सॉकेट बसविणे यांतील फरक येथे स्पष्ट होतो. दुसऱ्या प्रकारात वायरिंगचे स्वरूपच बदलते. म्हणून हे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, प्रशिक्षित तारतंत्रीकडून करून घ्यावे.

गृहस्वामीने मात्र काम सुरू होण्यापूर्वी न्यूट्रल आणि अर्थिंग कोठून घेणार, हा प्रश्न अवश्य विचारावा. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय भिंतीवरील स्विच काढू देऊ नये.