प्रतीक्षा यादीतील नातवंड

नातवंडाचे नाव प्रतीक्षा यादीत गेले की आजी-आजोबांचाच जीव अधिक टांगणीला लागतो. रक्तदाबाची गोळी घेण्याचेही भान राहत नाही. ती आधी घ्यावी.

मुलाखतीविषयी एक गोष्ट ध्यानी असू द्यावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी बालकाची वा पालकांची चाचणी घेऊन निवड करणे निषिद्ध असून पहिल्या उल्लंघनास २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधील निकालानुसार अल्पसंख्याक शाळा मात्र या कायद्याबाहेर आहेत. शिवाय ‘नुसती ओळख’ म्हणून बोलावणे येतेच! तेव्हा बालकाकडून उत्तरे घोकून घेऊ नयेत. पुरेशी झोप आणि पोटभर न्याहारी, एवढी तयारी पुष्कळ झाली. ते पदराआड लपले तर लपू द्यावे. तीन-चार वर्षांच्या जिवाला अनोळखी माणसाचे भय वाटणे हे आजाराचे लक्षण नव्हे.

पंचवीस टक्के राखीव जागांच्या सोडतीत निवड झालेले काही पालक मुदतीत प्रवेश निश्चित करीत नाहीत, म्हणून यादी पुढे सरकते. भ्रमणध्वनीवरील संदेशावर विसंबू नये. अर्ज क्रमांक घालून संकेतस्थळ स्वतः पाहावे. जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा वा जातीचा दाखला एका पिशवीत सज्ज ठेवावा. हे काम आपण आनंदाने अंगावर घ्यावे. दरम्यान जवळच्या दुसऱ्या शाळेचीही चौकशी करावी, आणि ‘याचा नंबर लागला नाही’ हे वाक्य बाळासमोर कोणीही उच्चारू नये, दूरध्वनीवर नातलगांशी बोलतानासुद्धा.