साखळी पडते की सटकते?

घरात जुनी सायकल आहे आणि तिच्यावरून घरात दोन पक्ष नाहीत, असे इंदुरातले मराठी घर निदान माझ्या पाहण्यात नाही. आमच्याकडे वडिलांची काळी, उंच, दांड्याची सायकल त्यांच्या माघारी ओसरीच्या कोपऱ्यात उभी होती. एक पक्ष म्हणे, "भंगारात द्या", दुसरा म्हणे, "असू द्या." यंदा नातीने कॉलेजला जाण्यासाठी ती बाहेर काढली आणि दुसरा पक्ष हरखून गेला. पण चारच दिवसांनी पुलाच्या चढावर पोर पायडलवर उभी राहिली, खाडकन आवाज झाला, पाय एकदम खाली गेला आणि गुडघा हँडलवर आपटून ती रस्त्यावर आली. मागच्या रिक्षावाल्याने वेळीच ब्रेक लावला, म्हणून खरचटण्यावर निभावले.

"साखळी सटकते," एवढे सांगून सायकल दुकानात दिली. तिथे नवी साखळी चढली. दुसऱ्या दिवशी सायकल आधीपेक्षा जास्त सटकू लागली! भंगारपक्षाला आता पुराव्याची गरज उरली नव्हती.

अखेर गल्लीतल्या मिस्त्रीकाकांना बोलावले. उमेदीची वर्षे त्यांनी कापडाच्या मिलमध्ये फिटर म्हणून काढली. सायकलीला हात लावण्याआधी त्यांनी नातीला विचारले, "बाळ, साखळी पडते, सटकते, की पायडल नुसतेच रिकामे फिरते?"

"आजोबा, त्यात फरक काय?"

"ताप, खोकला आणि मुरगळलेला पाय यांत असतो तेवढा."

वाचकहो, सारी मेख या एका प्रश्नात आहे. साखळी दात्यांवरून उतरून लोंबू लागली, तर ती 'पडली'. तिथे बहुधा ढील असते, नाहीतर पुढचे-मागचे चक्र एका रेषेत नसते. साखळीच्या मधोमध बोट लावून ती वर-खाली करावी. सुमारे अर्धा इंच हलावी, फार नाही. पायडल फिरवीत जिथे साखळी सर्वांत ताठ होते, तिथेच हे माप घ्यावे. मागच्या चाकाचे नट सैल असतील तर जोर लावताच चाकाची उजवी बाजू पुढे ओढली जाते आणि टायर डाव्या नळीला घासू लागतो.

साखळी दात्यांवर नीट बसलेली, फिरतेही आहे, पण सायकल पुढे जात नाही, असे असेल तर दोष फ्रीव्हीलच्या पोटात. आतले खटके चिकट मळात रुतले की उठत नाहीत. रॉकेलने धुऊन पातळ तेल द्यावे. तरी न भागल्यास फ्रीव्हील बदलावे. ठरावीक अंतराने एकच हिसका बसत असेल, तर पायडल हळूहळू उलटे फिरवून पाहावे. एखादी कडी आखडलेली असते, ती मागच्या चक्रावरून सुटताना सरळ होत नाही. आणि पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला 'टक्' होत असेल, तर आधी क्रँकची कॉटर तपासावी. उगीच साखळीला दोष देऊ नये.

आमची सायकल मात्र फक्त जोर लावला की सटकत होती. काकांनी वडिलांची फूटपट्टी मागितली आणि दुकानातून परत आणलेली जुनी साखळी ताणून मापली. या साखळीच्या दोन खिळ्यांतले अंतर अर्धा इंच. म्हणजे चोवीस कड्यांचे बरोबर 12 इंच व्हायला हवेत. एक सोळांश इंच वाढले की साखळी बदलावी. आमची एक अष्टमांश वाढली होती! लोक म्हणतात साखळी ताणली. लोखंड काही ताणत नाही. प्रत्येक सांध्यात खिळा केसभर झिजतो आणि शंभर सांध्यांची झीज एकत्र होते. 1880 मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी बुश-रोलर साखळीचे पेटंट घेतले. आजच्या साखळीची घडण मूळात तीच, आणि झिजण्याची रीतही तीच.

"आता मागचे दाते बघ," काका म्हणाले. ते एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले दिसत होते. पुढे 48 दाते, मागे 18. तेव्हा मागच्या प्रत्येक दात्याच्या वाट्याला अडीचपटीहून जास्त घासणी येते. झिजलेली साखळी दाते कुरतडून आपल्या मापाचे करून घेते. दोघांचे संगनमत! त्यात नवी, अचूक मापाची साखळी आणली, की ती त्या वाकड्या दात्यांत बसत नाही. जोर येताच वर चढते आणि उडी मारते. दुकानदाराने आजार अर्धाच बरा केला होता, म्हणून तो बळावला.

नवे फ्रीव्हील बसले. चाक सरळ करून नट आवळले. पुढचे चाक भिंतीला टेकवून, मागचा ब्रेक दाबून काकांनी पायडलवर सारा भार टाकला. साखळी हलली नाही. मजुरी म्हणून त्यांनी पोहे खाल्ले आणि महिन्यातून एकदा फडके व तेलाचे चार थेंब, एवढे पथ्य सांगितले.

संध्याकाळी नात पायडलवर उभी राहून पूल चढून आली. भंगारात गेले ते एक झिजलेले चक्र आणि एक जुनी साखळी. घरातले दोन्ही पक्ष समाधानी आहेत.