बार्डोलीची करबंदी आणि ‘हिजरत’ : अहिंसक जनआंदोलनाच्या पूर्वतयारीचा अभ्यास

प्रस्तावना

सुरतहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर चलथाण हे एक लहान स्थानक आहे. साखर कारखान्यामुळे हे गाव परिसरात ओळखले जाते. याच मार्गावर थोडे पुढे बार्डोली लागते. आज चलथाण ज्या पलसाणा तालुक्यात आहे, तो तालुका स्वातंत्र्यापूर्वी सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानातील नवसारी प्रांतात मोडत असे. बार्डोली मात्र ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होते. शेजारशेजारच्या या दोन मुलखांतील सरहद्दीला स्वातंत्र्यलढ्यात विशेष महत्त्व प्राप्त झाले.

पाठ्यपुस्तकात बार्डोलीचा लढा बहुधा एका परिच्छेदात संपतो. कर वाढला, वल्लभभाई आले, सरकार नमले आणि वल्लभभाई ‘सरदार’ झाले. असे शिकविल्यास अहिंसा हा एखाद्या थोर नेत्याचा चमत्कार वाटू लागतो. प्रत्यक्षात अहिंसक आंदोलनाचे यश बहुतांशी पूर्वतयारीवर अवलंबून असते. बार्डोलीच्या तीन प्रसंगांच्या आधारे ही बाब स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१९२२ : माघार

असहकार चळवळीच्या अखेरच्या टप्प्यात महात्मा गांधींनी सामुदायिक कायदेभंगासाठी बार्डोली तालुक्याची निवड केली. १ फेब्रुवारी १९२२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना तसे पत्रही लिहिले. परंतु त्याच आठवड्यात संयुक्त प्रांतातील चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले आणि २२ पोलीस मृत्युमुखी पडले. ११ व १२ फेब्रुवारीला बार्डोलीतच काँग्रेस कार्यकारिणीची बैठक झाली व कायदेभंग स्थगित करण्यात आला.

या निर्णयावर तेव्हाही टीका झाली आणि आजही मतभेद आहेत. बार्डोलीच्या शेतकऱ्यांनी काहीही केले नव्हते. शेकडो मैल दूर घडलेल्या घटनेमुळे त्यांचा लढा थांबला. मात्र त्यानंतर कार्यकर्ते तालुका सोडून गेले नाहीत. आश्रम, खादी, शाळा आणि दारूबंदीची कामे चालू राहिली. पुढील सहा वर्षांतील या कामाची इतिहासात फारशी नोंद घेतली जात नाही. तथापि १९२८चा पाया त्यातूनच घातला गेला.

१९२८ : मर्यादित मागणी, भक्कम संघटन

बार्डोलीच्या शेतसाऱ्याची फेरआकारणी करताना डेप्युटी कलेक्टर एम. एस. जयकर यांनी सुमारे ३० टक्के वाढ सुचवली. तापी व्हॅली रेल्वेमुळे वाढलेली दळणवळणाची सोय, पक्की घरे, दुभती जनावरे, शेतमालाचे चढे भाव ही त्यांची कारणे होती. म्हणजे चलथाणवरून जाणारी ही रेल्वेसुद्धा सारावाढीच्या समर्थनार्थ पुढे करण्यात आली होती! जमाबंदी आयुक्त अँडरसन यांनी जमिनीच्या खंडाच्या आकड्यांवर भर देऊन सुमारे २९ टक्के वाढीची शिफारस केली. अखेरीस सरकारने १९२७मध्ये सुमारे २२ टक्के वाढ कायम केली.

शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेलांना पाचारण केले. त्यांनी लगेच होकार दिला नाही. परिणामांचा विचार करण्यासाठी शेतकऱ्यांना मुदत दिली, सरकारला पत्र लिहिले आणि उत्तर समाधानकारक नसल्याचे पाहूनच १२ फेब्रुवारी १९२८ रोजी परिषद घेतली. सहा वर्षांपूर्वी ज्या तारखेला माघारीचा ठराव झाला, त्याच तारखेला त्याच गावी लढ्याचा ठराव झाला. सभेची सांगता गीता व कुराण यांच्या पठणाने आणि कबीराच्या भजनाने करण्यात आली.

ठरावातील मागणी अतिशय मर्यादित होती. सरकारने एक तर स्वतंत्र न्यायाधिकरण नेमावे, अन्यथा जुन्या दराने सारा पूर्ण भरणा म्हणून स्वीकारावा. तोवर सारा भरायचा नाही. यात स्वराज्याची मागणी नव्हती. कर देणारच नाही असेही म्हटलेले नव्हते. ‘आमचे म्हणणे तपासून पाहा’ एवढाच आग्रह होता. तपासणीला नकार देणाऱ्या सरकारची बाजू त्यामुळे लोकमतापुढे दुबळी ठरली.

तालुक्यात १३ छावण्या उभारून प्रत्येक छावणीवर एक जबाबदार कार्यकर्ता नेमण्यात आला. स्वयंसेवक घरोघर फिरत. सत्याग्रह पत्रिका गावोगावी पोहोचत असल्याने अफवांना वाव राहत नसे. जप्तीचे अधिकारी येताच ढोल व शिंगाच्या आवाजाने इशारा दिला जाई. माणसे व म्हशी कुलूपबंद घरांत राहत आणि अधिकाऱ्यांना जप्त करण्याजोगे काही सापडत नसे. मिठूबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन पटेल आदींनी स्त्रियांमध्ये काम केले. जप्ती आली की घर सांभाळण्याचा प्रश्न प्रथम स्त्रीपुढेच उभा राहत असल्याने हे काम निर्णायक ठरले.

जप्तीसाठी सरकारने पठाण नेमले व त्यांच्या वर्तनाविषयी तक्रारी आल्या. अशा वेळी रोष एका समाजाकडे वळण्याचा धोका असतो. परंतु या लढ्यात इमामसाहेब अब्दुल कादर बावझीर आणि अब्बास तय्यबजी हे सत्याग्रहींच्या बाजूने काम करीत होते. इमामसाहेब दक्षिण आफ्रिकेपासूनचे गांधीजींचे सहकारी, तर तय्यबजी बडोदा संस्थानचे माजी न्यायाधीश. त्यांच्या सहभागामुळे लढा साऱ्याचा आहे, धर्माचा नाही, हे लोकांपुढे स्पष्ट राहिले.

१२ जून १९२८ रोजी देशभर ‘बार्डोली दिन’ पाळण्यात आला. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या अधिकाऱ्यांची चौकशी समिती नेमण्यात आली. १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच ब्रूमफील्ड होत. समितीने २२ टक्क्यांची वाढ असमर्थनीय ठरवून ती सुमारे ६ टक्क्यांवर आणली. शेतकऱ्यांची तक्रार सरकारच्याच अधिकाऱ्यांनी खरी ठरवली.

१९३० : ‘हिजरत’

मिठाच्या सत्याग्रहात हे दोन्ही वृद्ध नेते आघाडीवर होते. गांधीजींच्या अटकेनंतर तय्यबजींनी सूत्रे घेतली आणि १२ मे १९३० रोजी त्यांनाही अटक झाली. २१ मे रोजी धरासणा येथील मिठागरावरील सत्याग्रहात सरोजिनी नायडू व इमामसाहेब अग्रभागी होते. तेथे निःशस्त्र स्वयंसेवकांवर झालेल्या लाठीहल्ल्याचे वृत्त अमेरिकन पत्रकार वेब मिलर यांनी जगभर पोहोचवले.

याच वर्षी बार्डोलीत पुन्हा करबंदी सुरू झाली. या वेळी दडपशाही कितीतरी कठोर होती. तेव्हा हजारो शेतकरी मुलाबाळांसह, गुरेढोरे व भांडीकुंडी घेऊन सरहद्द ओलांडून बडोदा संस्थानात गेले आणि महिनोन्‌महिने शेतांत झोपड्या बांधून राहिले. ब्रिटिश पत्रकार ब्रेल्सफर्ड यांनी ही स्थिती प्रत्यक्ष पाहिली. या स्थलांतरालाच ‘हिजरत’ असे नाव पडले.

हा शब्द आपल्या वाचकांना परिचित आहे. इ. स. ६२२मध्ये हजरत मुहंमद पैगंबर (स.) व त्यांचे सहकारी मक्केहून मदिनेस गेले, ती हिजरत. जुलूम करणाऱ्यावर हात न उचलता त्याच्या कक्षेतून बाहेर पडणे, हा अर्थ बार्डोलीच्या शेतकऱ्यांनी आपलासा केला.

येथे १९२०च्या हिजरतीशी तुलना उद्बोधक ठरते. खिलाफतीच्या काळात हजारो मुसलमान अफगाणिस्तानकडे निघाले. परंतु तेथील सरकारने प्रवेश रोखला आणि असंख्य कुटुंबे कंगाल होऊन परतली. त्यांची निष्ठा कमी नव्हती; कमी होती ती तयारी. बार्डोलीकरांना सरहद्द जवळ होती आणि आठ वर्षांच्या संघटनेचे पाठबळ होते.

मर्यादा

या लढ्याचा गौरव करताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली, १९३०-३१ मध्ये लिलावात गेलेल्या जमिनी गांधी-आयर्विन कराराने परत मिळाल्या नाहीत. त्यासाठी १९३७ साली प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळ येईपर्यंत थांबावे लागले. दुसरी व अधिक गंभीर बाब म्हणजे हा लढा मुख्यतः जमीनधारकांचा होता. त्यांच्या शेतांवर राबणारे दुबळा अर्थात हळपती मजूर ‘हाळी’ पद्धतीने कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले होते. सारा कमी झाला, तरी त्यांचे बंधन त्यामुळे सुटले नाही.

निष्कर्ष

१९२२, १९२८ आणि १९३० या तीन प्रसंगांतून असे दिसते की, अहिंसा म्हणजे केवळ हात न उचलणे नव्हे. तपासता येईल अशी मागणी, खरी माहिती पोहोचविण्याची व्यवस्था, स्त्रियांचा सहभाग, सर्व धर्मीयांचा विश्वास आणि हानी सोसण्याची आधीच केलेली तयारी, या सर्वांनी मिळून ती घडते.

अध्यापकांनी हा विषय शिकविताना विद्यार्थ्यांपुढे तीन प्रश्न ठेवावेत. मागणी नेमकी काय होती? ती मान्य होईपर्यंत घर कोणी व कसे चालवले? आणि विजयानंतर कोणाच्या पदरात काहीच पडले नाही? दक्षिण गुजरातेतील महाविद्यालयांना बार्डोलीच्या स्वराज आश्रमाची भेट सहज घडवून आणता येईल. जाताना चलथाण स्थानकावर विद्यार्थ्यांना सांगावे की, एके काळी ही रेल्वे सारावाढीचे कारण म्हणून दाखवली गेली होती आणि येथून जवळचीच सरहद्द ओलांडून हजारो माणसांनी आपली घरे सोडून आसरा घेतला होता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांना स्वतःच शोधू द्यावे.