अम्मीच्या डब्यातलं ऐंशीचं दशक

लग्नसराई जवळ आली की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अम्मी, तुझा तो जुना हार मोडून काहीतरी नाजूक करूया ना!" अम्मी डबा उघडतात, हार हातात घेतात आणि गप्प राहतात. त्या गप्प का राहतात, हे मुलींनी एकदा विचारायला हवं.

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांत कामगारांची मागणी वाढली. रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष कुवेत, सौदी, दुबईला गेले. दोन-दोन वर्षांनी सुट्टीवर यायचे. तिकडच्या कमाईचं सोनं झालं, तेही तिकडच्याच घडणीचं. छातीभर पसरणारा हार, त्याला लटकणाऱ्या गिन्न्या, खांद्याला टेकतील असे झुमके, दोन बोटं रुंद कडी. आज ते भडक वाटतं. पण त्या हारात अब्बांच्या परदेशातल्या आणि अम्मींच्या एकटेपणाच्या वर्षांचा हिशेब आहे.

म्हणून मोडण्याआधी थोडं थांबा. दागिन्यामागचा शिक्का बघा. आखातात २१ कॅरेटचं सोनं जास्त चालतं. त्यावर ८७५ असा आकडा असतो. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८. शिक्का नसेल किंवा खात्री नसेल, तर हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या. सोनार जुना डाग घेताना घट धरतो, पूर्वी दिलेली घडणावळ परत मिळत नाही आणि नव्या दागिन्याची घडणावळ पुन्हा द्यावी लागते. दोन्हीकडून सोनं आपलंच कमी होतं.

मग हे दागिने आज घालायचे कसे? सोपा नियम एकच: एका वेळी एकच ठसठशीत वस्तू. रुंद हार घातला तर कानात साधे टॉप्स. कपडा एकरंगी, नक्षी कमी. भरजरी शरारा आणि भरगच्च हार एकत्र आले की दोन्ही हरवतात. जड झुमक्यांनी कानाची पाळी ओढली जाते, म्हणून केसांत अडकवायची साखळी, म्हणजे वेल किंवा सहारा, जरूर लावा. हिजाबखाली लांब झुमके कापडात अडकतात. तेव्हा ते घरच्या बायकांच्या मैफलीसाठी ठेवा. डोक्याच्या एका बाजूला लावायचा झुमर, ज्याला पासा असंही म्हणतात, वलिम्याच्या दिवशी एकटाही पुरतो. दोन कड्यांपैकी एकच घातलं तर रोजच्या कुर्त्यावरही शोभतं.

घालण्याआधी फिरकी, फासा आणि कड्या तपासा. चाळीस वर्षांत त्या झिजलेल्या असतात. नुसतं सोनं कोमट पाण्यात सौम्य साबणानं, मऊ ब्रशनं धुवा. कुंदन आणि मोती मात्र पाण्यात बुडवू नका. कुंदनाच्या खड्यामागच्या वर्खाला ओल लागली की चमक जाते. प्रत्येक दागिना वेगळ्या सुती कापडात ठेवा.

आणखी एक गोष्ट, जकातीची. निसाब साडेसात तोळे आहे, पण तो जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे सुमारे साडेसत्त्याऐंशी ग्रॅम. आज बाजारात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. त्या हिशेबानं ७५ ग्रॅम धरू नका. हनफी मतानुसार वापरातल्या सोन्यावरही जकात आहे. शाफई मतानुसार वापरातल्या दागिन्यांवर नाही, पण केवळ साठवण म्हणून ठेवलेल्या सोन्यावर आहे. कोकणात शाफई घरं बरीच आहेत आणि लग्नानंतर मुलगी हनफी घरातही जाते. म्हणून दागिना देताना हेही बोलून घ्या आणि आपल्या आलिमांना विचारा.

गरज पडली तर सोनं मोडावंच लागतं. मुलाची फी, दवाखाना यांपुढे हार मोठा नाही. अम्मींनी तो त्यासाठीच जपला होता. पण निव्वळ फॅशन बदलली म्हणून मोडू नका. आधी तो घालून आरशासमोर उभं राहा आणि अम्मींना शेजारी बोलवा. हा कधी आला, कोणी आणला, पहिल्यांदा कुठे घातला, हे त्यांच्या तोंडून ऐका. त्यानंतर काय करायचं ते दोघींनी मिळून ठरवा.