रेडियमचें तेज आणि कायद्याची मुदत

अंधारांत चमकणारें घड्याळ एके काळीं घरोघरीं कौतुकाचा विषय असे. पण त्या तेजाचें मोल कोणीं दिलें, हें थोड्यांसच ठाऊक असेल. अमेरिकेंतील ऑरेंज शहरच्या कारखान्यांत मुली कुंचल्याला ओठांनीं टोक काढून तबकड्यांवर रेडियमचा रंग भरीत. पोटांत गेलेलें रेडियम चुन्याप्रमाणें हाडांत जाऊन बसे. कित्येकींच्या जबड्यांचीं हाडें कुजलीं. १९२७ सालीं पांच जणींनीं फिर्याद केली, तेव्हां दोन वर्षांची मुदत टळल्याचा आक्षेप निघाला. रोग मात्र त्याहून उशिरां प्रगट होई! १९२८ सालीं तडजोडीनें प्रत्येकीस १०,००० डॉलर, सालिना ६०० डॉलर व औषधोपचाराचा खर्च देण्याचें ठरलें. रेडियमची शक्ति निम्मी होण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात. अशा विषाच्या भरपाईची मुदत रोगाचें कारण कळल्या दिवसापासूनच मोजणें न्याय्य नव्हे काय?