एक मुक्काम, रोज नवे गाव

युरोप म्हटला की दहा दिवसांत सात देश, हा आपल्याकडील रूढ मार्ग. निवृत्तीनंतर मीही तीच आखणी करीत होतो. परंतु दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर सौभाग्यवतींनी बजावले, "रोज सामान बांधणे मला जमायचे नाही. एकच देश पाहू, पण नीट पाहू." चाळीस वर्षे इंदूरमध्ये रुग्णांना पथ्य सांगत आलो, या वेळी त्यांनी सांगितलेले पथ्य मी निमूटपणे पाळले.

देश निवडला नेदरलँड्स आणि मुक्काम उट्रेक्टला. देशाच्या मध्यभागी असलेल्या या शहरातून चहू दिशांना रेल्वेगाड्या सुटतात. सकाळी न्याहारी करून निघावे, एक गाव पाहावे आणि संध्याकाळी आपल्याच खोलीत परतावे, असा क्रम ठरला. देशांतर्गत गाड्यांना आरक्षण लागत नाही. स्थानकात शिरताना व बाहेर पडताना बँकेचे कार्ड यंत्राला लावले की भाडे वळते होते. बाहेर पडताना मात्र विसरू नये, भुर्दंड बसतो.

एके दिवशी लायडनला गेलो. पाऊण तासाच्या प्रवासात खिडकीबाहेर सपाट हिरवी कुरणे, सरळ रेषेतले कालवे आणि चरणाऱ्या गाई. येथील विद्यापीठ १५७५ सालचे. विलेम आइंथोवेन यांना हृदयालेखाच्या ज्या संशोधनाबद्दल १९२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेही येथलेच. त्याआधी दोन शतके हर्मन बूरहावे येथे रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून विद्यार्थ्यांना शिकवीत. त्यासाठी खाटा होत्या अवघ्या १२. सहा पुरुषांच्या, सहा स्त्रियांच्या. त्या रुग्णालयाच्या जागी आज त्यांच्याच नावाचे विज्ञानसंग्रहालय आहे.

तेथे उभा असताना मला माझी अखेरच्या वर्षांतील ओपीडी आठवली. दारात रांग, टेबलावर तपासण्यांच्या अहवालांची चळत. कित्येकांच्या पोटाला हात लावण्यापूर्वीच मी सोनोग्राफी लिहून दिली होती. त्या १२ खाटांपाशी शिकण्यासाठी युरोपभरातून विद्यार्थी येत. हजारो रुग्ण तपासलेला मी किती जणांजवळ क्षणभर बसलो होतो? सौभाग्यवती बाकावर गुडघे चोळीत बसल्या होत्या. शेजारी बसून विचारले, "फार दुखते का?" त्या हसून म्हणाल्या, "अहो, आज विचारलेत!"

दुसऱ्या दिवशी डेल्फ्ट. अँटोनी व्हॅन लेव्हेनहूक हे येथले कापडाचे व्यापारी. वैद्यकाची पदवी नाही, तरी स्वतः घासलेल्या भिंगांतून त्यांनी जीवाणू पाहिले आणि १६७६ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. जुन्या चर्चमधील त्यांच्या समाधीपाशी आम्ही निवांत थांबलो. ही गाडी चुकली तर पुढची होतीच.

परतल्यावर मी आठवड्यातून दोन दिवस धर्मादाय दवाखान्यात बसू लागलो आहे. आधी रुग्णाची नाडी पाहतो, मग अहवाल. व्यवसायबंधूंनो, सहलीला जाल तेव्हा मुक्काम एकच ठेवा. पाहण्याला आणि विचारण्याला सवड मिळते.