राष्ट्रपतींच्या नावाने

भुसावळच्या रेल्वे विभागीय कचेरीतून एखाद्या पुलाच्या दुरुस्तीचा किंवा फलाटावरील छपराचा ठेका ज्या कंत्राटदारास मिळतो, त्याच्या करारनाम्यात समोरचा पक्षकार म्हणून ‘भारताचे राष्ट्रपती’ असे शब्द असतात आणि त्यांच्या वतीने सही मात्र एखादा अभियंता किंवा अधिकारी करतो. केंद्र सरकारचे करार राष्ट्रपतींच्या नावाने व्हावेत असे घटनेच्या २९९व्या कलमाने सांगितले आहे, आणि त्या करारांची व्यक्तिगत जबाबदारी त्यांच्यावर येणार नाही अशी तजवीजही त्याच कलमात आहे. नाव एकाचे आणि जबाबदारी दुसऱ्याची ही रचना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते खरी. परंतु आपल्या कार्यकारी सत्तेचे मर्म तिच्यातच आहे, आणि ते जाणून घेण्याचा खानदेशचा हक्क इतरांहून काकणभर सरसच आहे असे मी मानतो.

कारण हा प्रश्न खानदेशच्याच भूमीवर एकदा फार गांभीर्याने चर्चिला गेला होता. डिसेंबर १९३६ मध्ये तत्कालीन पूर्व खानदेशातील फैजपूर येथे, पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. १९३५च्या कायद्याने प्रांतांना मंत्रिमंडळे मिळावयाची होती, पण गव्हर्नरांच्या हाती स्वतंत्र मुखत्यारी राखून ठेवलेली होती. म्हणून अधिवेशनाने तो कायदा अमान्य केला, घटना समितीची मागणी केली, निवडणुका लढविण्याचे ठरविले, आणि अधिकारपदे स्वीकारावीत की नाहीत याचा निर्णय निवडणुकांनंतर घ्यावयाचा असे म्हणून तो प्रश्न खुला ठेवला. पुढे निवडणुका जिंकल्यावरही, गव्हर्नर मंत्र्यांच्या सल्ल्याबाहेर जाणार नाहीत असे आश्वासन मागण्यात महिने गेले आणि जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात अधिकारारूढ झाले. लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्याचा सल्ला ऐकणे न ऐकणे जर वरच्याच्या मर्जीवर राहणार असेल, तर मतदानाचा उपयोग काय, हा त्या वादातील खरा सवाल होता.

स्वतंत्र भारताच्या घटनेने त्याचे उत्तर दिले. ५३व्या कलमाने संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी निहित केली, ७४व्याने त्यांना साहाय्य व सल्ला देण्यासाठी प्रधानमंत्र्यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद नेमली आणि ७५व्याने ती मंत्रिपरिषद लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार ठरविली. हा सल्ला बंधनकारक आहे असे १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने स्पष्ट लिहिले; १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो एकवार फेरविचारार्थ परत पाठविण्याची मुभा राष्ट्रपतींना दिली, मात्र फेरविचारानंतर आलेला सल्ला त्यांनी मानलाच पाहिजे. या दोन दुरुस्त्यांच्या पूर्वीचा एक प्रसंग येथे आठवल्यावाचून राहवत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली ती प्रधानमंत्र्यांच्या सल्ल्यावरून, आणि मंत्रिमंडळाची बैठक भरली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. शिक्कामोर्तब आधी आणि विचारविनिमय मागाहून, असा तो उफराटा क्रम होता. म्हणूनच चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविला गेल्याखेरीज राष्ट्रपतींनी अशी घोषणा करू नये, असे बंधन घातले. एका व्यक्तीचा सल्ला आणि मंत्रिमंडळाचा सल्ला यांतील हा भेद मला साऱ्या रचनेत सर्वांत मोलाचा वाटतो.

जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे जन्मलेल्या आणि जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळात त्या सर्वोच्च पदावर होत्या. २२ मे २००९ रोजी डॉ. मनमोहन सिंग यांना प्रधानमंत्रिपदाची दुसऱ्यांदा शपथ त्यांनीच दिली. पाच वर्षे केंद्र सरकारचा प्रत्येक हुकूम त्यांच्या नावाने निघाला; पण खातेवाटपापासून अंदाजपत्रकापर्यंत निर्णय मंत्र्यांचे होते आणि लोकसभेत त्यांचा जाबही मंत्र्यांनाच द्यावा लागत होता.

मंत्र्यांतही पायऱ्या आहेत. कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री आणि राज्यमंत्री या सर्वांची मिळून मंत्रिपरिषद होते. २००३च्या दुरुस्तीनुसार तिची संख्या लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. मंत्रिमंडळ म्हणजे त्यांतील केवळ वरच्या पायरीचे मंत्री. धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे २०१६ मध्ये संरक्षण राज्यमंत्री झाले आणि रावेरच्या रक्षा खडसे २०२४ मध्ये युवक कल्याण व क्रीडा राज्यमंत्री. आपल्या माणसाला मंत्रिपद मिळाले की आपल्याकडे साहजिकच आनंद होतो, पण राज्यमंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीस बोलावणे आले तरच बसतो, हे अपेक्षांची यादी घेऊन दारी जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

निर्णय कसा होतो याचे उदाहरण धुळेकरांच्या दाराशीच आहे. मनमाड ते इंदूर या धुळ्यावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाची मागणी कैक वर्षांची. असा प्रस्ताव आधी संबंधित मंत्रालय टिपणीच्या रूपाने मांडते, इतर मंत्रालये, विशेषतः अर्थखाते, तिच्यावर आपले अभिप्राय देतात, आणि मग कॅबिनेट सचिवालयामार्फत ती मंत्रिमंडळापुढे किंवा त्याच्या एखाद्या समितीपुढे येते. २ सप्टेंबर २०२४ रोजी आर्थिक व्यवहारविषयक समितीने या ३०९ किलोमीटरच्या मार्गास सुमारे १८,०३६ कोटी रुपये खर्चाची मंजुरी दिली. समितीची मंजुरी झाली तरी जमीन संपादून रूळ पडेपर्यंतचे काम पुष्कळ उरते, आणि ते रेंगाळल्यास धुळ्याच्या खासदाराने लोकसभेच्या प्रश्नोत्तराच्या तासात रेल्वेमंत्र्यांस त्याचे कारण विचारावयाचे असते.